रविवारी सव्वासहाला

रविवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजतो. धाकट्याचा असतो. "आक्का, उठलीस?" मी उठलेलीच असते. मागच्या शेडचं शटर वर करते, गाडीवरचं कापड काढून घडी घालते, चार्जरची वायर सोडवते आणि आत बसते. फोन शेजारच्या सीटवर ठेवून स्पीकर चालू करते. ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दाराच्या बाजूची छोटी मूठ पिळायची. इंजिन आधी मोठ्यानं खाकरतं, शेडचे पत्रे घुमतात, मग मिनिटभरात आवाज उतरत उतरत एका जागी येऊन बसतो. तोवर पलीकडून एक शब्द येत नाही. पावणेचारशे किलोमीटरवर मुंबईत, बाविसाव्या मजल्यावर, माझा भाऊ कानाला फोन लावून स्वतःच्या गाडीचं इंजिन ऐकत असतो. आवाज बसला की म्हणतो, "झालं. जा आता. सावकाश जा."

बऱ्याचदा तो तेव्हा झोपायला निघालेला असतो.

गाडी पोर्शे ९११ कॅरेरा आहे, गडद निळी, २०२२ साली घेतलेली. पहिले सात महिने ती मुंबईत इमारतीच्या तळघरात उभी होती. या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज खात असते. काही आठवडे हलवली नाही की बॅटरी उतरते. त्या सात महिन्यांत ती तीनदा उतरली. टायर एकाच जागी दबून राहिले तर त्यांना सपाट चट्टे पडतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. एका रात्री दीड वाजता त्याचा मेसेज आला, "आक्का, तू सांभाळशील का?" कुणाला, हेच मला आधी कळेना. फेब्रुवारीत तो स्वतः ती चालवत घेऊन आला, एक रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत गेला. नंबर मात्र त्यानं पहिल्यापासून एमएच-०९ घेतला होता. कोल्हापूरचा.

मी उद्यमनगरात वडिलांचं, म्हणजे आबांचं, मशिन शॉप चालवते. संगणकावर चालणारी मशिनं, म्हणजे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, आणि कोपऱ्यात आबांचा हातानं चालवायचा जुना लेथ. शिरोलीच्या फौंड्रीतून बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग येतात, आम्ही त्यांचं टर्निंग-बोरिंग, म्हणजे मापात कातकाम, करून पुढे पाठवतो. त्यामुळे मशिन नुसतं चालू करून बंद करणं हे मशिनला चांगलं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. थंड इंजिनात ओल धरते, पेट्रोलचा अंश तेलात उतरतो. तेल नीट तापेपर्यंत पळवलं की ती ओल उडून जाते. म्हणून दर रविवारी मी शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ करत पन्हाळ्यावर जाते आणि खाली येते. जाऊन-येऊन चाळीस-बेचाळीस किलोमीटर. गाडीचं पोट रस्त्यापासून वीतभरसुद्धा वर नाही. गतिरोधक आला की बटण दाबून तिचं नाक चार सेंटिमीटर वर उचलायचं, पार झालं की खाली. शहर संपेपर्यंत हेच चालतं.

पंपावरचा पोरगा विचारतो, "आक्का, किती पळती ओ?" त्याला मी सगळं सांगते. तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३८५ अश्वशक्ती, शून्यापासून शंभरावर ४.२ सेकंदांत. त्याचे डोळे चमकतात. या गावाला वेगाचं वेड नवीन नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीला इथं माळ भरून माणसं जमतात, आणि इथलीच पोरं कार्टिंगच्या ट्रॅकवरून रेसिंगपर्यंत पोहोचली आहेत. गाडीला हात लावू का म्हणून विचारणारा पोरगा मला कधी परका वाटत नाही.

बोलणारे वेगळे असतात. नात्यातले एक मोठे काका आईसमोर म्हणाले, "एवढ्या पैशात शेती आली असती." हिशेब चुकीचा नव्हता. तयार होऊन परदेशातून येणाऱ्या अशा गाडीवर तेव्हा १०० टक्के आयात शुल्क होतं. त्यावर जीएसटी, त्यावर सेस, वर आरटीओचा टॅक्स. मूळ किमतीपेक्षा करच जास्त. सगळं धरून रक्कम दोन कोटींच्या वर गेली. तेवढ्या पैशात माझ्या शॉपमध्ये चार-पाच व्हीएमसी उभ्या राहिल्या असत्या, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पण काका जेव्हा "पैशाचा माज" म्हणाले तेव्हा मला गप्प बसवेना. माज करणारा माणूस गाडी चौकात लावतो, आडोशाच्या शेडमध्ये बहिणीकडे ठेवत नाही. त्या पोराला मी सातवीत असल्यापासून, म्हणजे तो दुसरीत असल्यापासून, यंत्रांपुढे बघत आले आहे.

आबा भुदरगडकडच्या गावातून आले आणि उद्यमनगरात टर्नर म्हणून लागले. पुढं एक लेथ घेतला, मग भाड्याची शेड. तेव्हा ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांची कामं भरपूर असायची. आबांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण कान असा की बेअरिंग जायच्या आठवडाभर आधी त्यांना कळायचं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. शेडमधला बाकीचा सगळा गलका जणू त्यांच्यापुरता बंद व्हायचा. धाकटा शाळेतून सरळ शॉपमध्ये यायचा आणि त्यांच्या मांडीला टेकून उभा राहायचा. एकदा आबांनी तो स्क्रू ड्रायव्हर त्याच्या कानाला लावला. "काय म्हणतंय?" पोरगं बराच वेळ ऐकत राहिलं आणि म्हणालं, "कुणीतरी आत वाळू चावतंय." आबांनी मशिन बंद केलं, बेअरिंग काढलं. रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, बारीक खड्डे पडले होते. त्या दिवशी आबांनी त्याला खांद्यावर बसवून घरी आणलं.

नववीत असताना कुठल्याशा जुन्या मासिकात त्याला ९११ चं कापून दाखवलेलं चित्र मिळालं. इंजिन मागे, तेही मागच्या चाकांच्या मागे. सहा सिलिंडरं उभी नाहीत, आडवी, तीन या अंगाला आणि तीन त्या अंगाला. जेवताना तो आबांना समजावत होता. दोन पैलवान खडाखडी करतात तसे समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि इंजिन थरथरत नाही. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावानं आली होती, पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये आपल्या हक्काचे आहेत म्हणून प्यूजोनं हरकत घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. ३५ वर्षं, म्हणजे १९९८ पर्यंत, तिचं इंजिन पाण्यावर नाही तर हवेवर आणि तेलावर थंड व्हायचं. आबांचा हात घासासह थांबला होता. "पाण्याशिवाय? एवढ्या ताकदीचं?" मग कितीतरी वेळ ते हवेनं थंड होणाऱ्या त्या पातळ पट्ट्या, फिन्स, कशा ओतल्या असतील, साच्यात कोअर कसा बसवला असेल यावर बोलत राहिले. आईनं दोनदा भाकरी गरम केली.

आबांना सगळ्यात आवडली ती मात्र लॅम्बोर्गिनीची गोष्ट. फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी इटलीतल्या शेतकऱ्याचा पोरगा. युद्धात त्यानं ऱ्होड्स बेटावर लष्करी गाड्या दुरुस्त केल्या आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्यांचे भाग घेऊन ट्रॅक्टर बनवायला लागला. १९४८ मध्ये ट्रॅक्टरचा कारखाना. पैसा आल्यावर त्यानं फेरारी घेतल्या. त्यांचा क्लच सारखा त्रास द्यायचा, उघडून बघितला तर तो आपल्याच ट्रॅक्टरमधल्यासारखा निघाला, अशी गोष्ट सांगतात. मग १९६३ मध्ये त्यानं स्वतःच्या स्पोर्ट्स कारचा कारखाना काढला. आबा मांडीवर थाप मारून हसले होते. ऊसपट्ट्यातल्या माणसाला ट्रॅक्टरवाल्यानं शर्यतीची गाडी काढली याचा केवढा अभिमान वाटावा! पुढचा भाग धाकट्यानं तेव्हा सांगितला नव्हता, कदाचित त्याला माहीत नव्हता. सत्तरच्या दशकात लॅम्बोर्गिनीनं कारखान्यातला आपला हिस्सा विकून टाकला आणि तो उंब्रियात तळ्याकाठी द्राक्षमळा लावून राहिला. १९९३ मध्ये वारला तोपर्यंत शेतीच करत होता. तो भाग मी अलीकडे वाचला आणि धाकट्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

तो इंजिनिअर झाला, मग एमबीए, मग मुंबईत एका इन्व्हेस्टमेंट बँकेत लागला. कंपन्यांची खरेदी-विक्री, भांडवल उभारणं, शेअर बाजारात नोंदणी. सुरुवातीची तीन-चार वर्षं तो सकाळी नऊला जायचा आणि रात्री दोन-तीनला यायचा. रात्री अकराला वरून सूचना यायची की पन्नास पानांचं सादरीकरण बदलून सकाळी आठला हवं. मी एकदा रागानं विचारलं, आठला कोण वाचणार आहे ते? तो शांतपणे म्हणाला, "आक्का, तुझ्याकडे शंभर नगांत दोन रिजेक्ट निघाले की पैसे कापल्याची डेबिट नोट येते ना? माझ्याकडं एका पानावर एक आकडा चुकला तर समोरचा बाकीच्या पानांवर विश्वास ठेवत नाही." ते मला पटलं. मिलिमीटरच्या दोन शतांशांसाठी मीही पोरांना रात्री थांबवून घेतलेलं आहे. ग्राहकाची लाइन आपल्यामुळं थांबली तर काय होतं ते मला ठाऊक आहे. दडपण फक्त काचेच्या इमारतीत असतं असं मी कधी म्हणणार नाही.

आणि त्याला ते काम आवडतं, हे मी लपवणार नाही. एकदा एका कारखान्याला विस्तारासाठी पैसा मिळवून देण्याच्या कामात तो होता. सह्या झाल्या त्या पहाटे त्यानं मला फोन केला आणि तासभर बोलला. कोण अडून बसलं होतं, कुठल्या कलमावर दोन दिवस गेले, शेवटी कसा मार्ग निघाला. आवाजात तोच "कुणीतरी आत वाळू चावतंय" वाला पोरगा होता. त्यालाही गलका बंद करून एकच आवाज पकडता येतो, फक्त त्याचं मशिन कागदाचं आहे.

पण आबांचा लेथ लाइट गेली की थांबायचा. भारनियमनाच्या दिवसांत आबा शेडच्या दारात पोत्यावर बसून विडी ओढायचे, शेजारच्या शेडमधले चार जण यायचे, कुणीतरी चहा सांगायचं. आबांना स्वतःहून सुट्टी घेणं कधी जमलं नाही. ती त्यांना वीज मंडळानं दिली. धाकट्याच्या हातातल्या फोनची लाइट कधी जात नाही. शिवाय त्याच्या धंद्यात पगारापेक्षा बोनस मोठा, आणि त्यातला बराचसा भाग पुढच्या दोन-तीन वर्षांत हप्त्यानं मिळतो. मधेच सोडलं तर राहिलेले हप्ते बुडतात. दर वर्षी नवा बोनस, नवे हप्ते. म्हणजे कुठल्याही दिवशी निघायचं म्हटलं तर काहीतरी मोठं मागं सोडूनच निघावं लागतं. "आणखी एक वर्ष, आक्का," हे मी त्याच्या तोंडून सहा वेळा ऐकलं आहे.

आबा २०२१ मध्ये गेले. दवाखान्यातल्या शेवटच्या चार रात्री धाकटा इथं होता. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. कामावरून सुट्टी घेतली होती, पण त्या सुट्टीत काम येत होतं आणि नको म्हणता येत नव्हतं. तिसऱ्या रात्री आबांनी मला खुणेनं बोलावलं आणि विचारलं, "त्याचं काम झालं काय?" मी हो म्हणाले. पहाटे पाचच्या सुमाराला आबा गेले तेव्हा तो जिन्यात कॉलवर होता. मी काच ठोठावली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पलीकडच्याला "एक मिनिट" म्हणाला. त्या एका मिनिटाबद्दल तो आजवर माझ्याशी बोललेला नाही. मीही विषय काढला नाही. गाडी त्यानं पुढच्या वर्षी घेतली.

आबा गेले त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. मी त्याला फोनवर ते वाचून दाखवलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पंचावन्न तास तर गुरुवारीच होतात गं." छत्तिसाव्या वर्षी त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ते मला त्याच्याकडून कळलं नाही, इथं राहायला आला तेव्हा बॅगेतली पट्टी दिसली.

फौंड्रीत एसजी आयर्न नावाचं चिवट बीड ओततात तेव्हा वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम टाकावं लागतं. त्यामुळं आतलं ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं न राहता गोळ्यांसारखं होतं आणि बीड चिवट बनतं, वाकतं पण तुटत नाही. पण त्या मॅग्नेशियमचा गुण टिकत नाही. भट्टीशेजारी मुकादम घड्याळ बघत उभा असतो. साधारण दहा मिनिटांत सगळे साचे भरले पाहिजेत. क्रेन अडकली, धातू वाहून आणणारा लॅडल उशिरा आला, तर धातू तेवढाच गरम आणि तेवढाच लाल दिसतो, साचाही पूर्ण भरतो, कास्टिंग बाहेरून अगदी सारखं निघतं. आत मात्र तो गुण उतरलेला असतो. पुढं कधीतरी भार पडला की कळतं. हे मी रोज बघते, आणि गेल्या काही वर्षांत ते बघताना मला धाकटा आठवतो. त्याला हे मी सांगितलेलं नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमचं घर शाहूपुरीत. २०१९ चं पाणी घरातल्या भिंतींनी बघितलेलं आहे, त्यामुळं राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी ३९ फुटांवर गेली की आमच्याकडं सामान वरच्या मजल्यावर चढायला लागतं. त्या रात्री धाकट्याचे एकामागून एक फोन. आई कशी आहे, औषधं घेतलीस का, पाणी कुठवर आलं. गाडीचं नाव त्यानं काढलं नाही, आणि नाव काढायचं टाळतोय हेच मला सहन होईना. मी ओरडले. "ये आणि हलव की तुझी गाडी! मी एकटी आईला बघू, शॉप बघू, का हिला बघू?" तो म्हणाला, "येतो." मग खूप वेळ गप्प राहून म्हणाला, "आक्का, परवा सह्या आहेत." मी फोन ठेवला. रात्री साडेअकराला, मुसळधार पावसात, नाक वर उचलून ती गाडी उद्यमनगरात नेली आणि आबांच्या लेथशेजारी लावली. वायपर बंद केल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून मी बराच वेळ बसले होते.

नऊ दिवस ती तिथं राहिली. आमचे जुने मिस्त्री, आबांच्या वेळचे, रोज दुपारी डबा खाऊन झाला की तिच्याभोवती एक फेरी मारायचे. एक दिवस त्यांनी खाली बसून चाकाच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं, बोटाला लागलेला तांबूस गंज अंगठ्यानं चोळला, वास घेतला. "ताई, हे बीडच की!" मी म्हटलं, हो, ग्रे आयर्न. महागड्या पर्यायात सिरॅमिकच्या असतात, या साध्या बिडाच्या. मिस्त्रींनी सगळ्यांना हाक मारून ते दाखवलं. दोन कोटींची गाडी ज्याच्या जोरावर थांबते ते शिरोलीत रोज टनांनी ओतलं जातं, या गोष्टीनं त्या दिवशी सगळ्या शॉपला केवढा आनंद झाला होता. तो फोटो मी धाकट्याला पाठवला. त्या वेळी मात्र लगेच उत्तर आलं. "आबांना दाखवायला पाहिजे होतं."

मी एक वही ठेवली आहे. शॉपमध्ये प्रत्येक मशिनची असते तशी. तारीख, किलोमीटर, टायरची हवा, पेट्रोल. गेल्या दसऱ्याच्या आधी मीटर ५,६४० होता. बेरीज करून बघितलं तर त्यातले त्याच्या स्वतःच्या हातचे हजार-अकराशे भरतात. बाकी सगळे माझे. ज्या आवाजासाठी त्यानं इतकी वर्षं रात्री जाळल्या, तो आवाज वाघबिळाच्या वळणांवर माझ्या पाठीमागं घुमतो आणि मी त्याच्या वाटणीचा ऐकते. मला गाडी चालवायला आवडते, अगदी मनापासून आवडते. उजव्या पायाखाली एवढी ताकद आज्ञेत असते आणि स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी तळहातात कळते. पण प्रत्येक वेळी वर पोहोचल्यावर कुणाचा तरी डबा खाल्ल्यासारखं वाटतं.

गेल्या दसऱ्याला तो आला. खंडेनवमीच्या सकाळी महालक्ष्मीनं उतरला आणि घरी न जाता आधी शॉपमध्ये आला. मशिनं धुवून-पुसून झाली होती, झेंडूचे हार तयार होते. मिस्त्रींनी आबांच्या लेथला हळदीकुंकू लावलं, मग सीएनसीला, मग व्हर्निअर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडून त्यांना. गाडी मी आदल्या रात्रीच आणून ठेवली होती. तिला हार कुठं घालायचा यावर पोरांची चर्चा झाली, कारण पुढं इंजिनच नाही. धाकट्यानं हार घेतला आणि मागं जाऊन मागच्या झाकणावर, म्हणजे जिथं खरं इंजिन आहे तिथं, ठेवला. मग तो आबांच्या लेथपाशी गेला, बेडवर हात ठेवून उभा राहिला. फोन दोनदा वाजला. त्यानं खिशातल्या खिशात बंद केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दसरा चौकात गेलो. छत्रपतींच्या घराण्याची १९३६ ची मेबॅक वर्षातून त्या दिवशी निघते आणि सगळं गाव तिच्यासाठी मान उंच करून उभं असतं. राजाराम महाराजांच्या वेळची गाडी, अजून स्वतःच्या इंजिनावर चालत येते. धाकटा आईला सांगत होता, ही मेबॅक कंपनी जर्मनीत तळ्याकाठच्या फ्रीडरिशहाफेन गावची, झेपेलिन नावाच्या, वायूनं भरलेल्या हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारी. आणि त्याच गावात १९५६ ते १९६३ या काळात पोर्शेच्या नावाचे डिझेल ट्रॅक्टर बनायचे, लाल रंगाचे. "पोर्शेचे पण ट्रॅक्टर?" आईनं विचारलं. तो म्हणाला, "पोर्शेचे पण." आईनं पदर डोळ्यांना लावला. आम्हा तिघांनाही एकच माणूस आठवत होता. गर्दीत सोनं लुटताना त्यानं आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. त्याच्या मानेमागचे केस पिकलेले मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

त्याची परतीची रेल्वे दुसऱ्या दिवशी रात्रीची होती. म्हणून सकाळी सव्वासहाला मी त्याला उठवलं. शटर त्यानं वर केलं, कापडाची घडी आम्ही दोघांनी घातली. चावी त्याच्या हातात द्यायला गेले तर म्हणाला, "तू चालव. मी ऐकतो." शेजारच्या सीटवर, जिथं एरवी त्याचा फोन असतो, तिथं तो बसला. मी मूठ पिळली. पत्रे घुमले. त्यानं डोळे मिटून घेतले, डोकं मागं टेकवलं. आवाज खाली येऊन बसेपर्यंत मी हलले नाही. "झालं," तो म्हणाला. "जाऊया."

शिवाजी पुलावर धुकं होतं. पुलाच्या पलीकडं त्यानं खिडकी थोडी खाली केली. केर्लीच्या पुढं मी काहीतरी बोलले आणि उत्तर आलं नाही. बघितलं तर झोपला होता. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे, लहानपणी शॉपमध्ये पोत्यावर झोपायचा तसा. मी वेग कमी केला. मागून इंजिनचा आवाज एका पट्टीत येत होता.

वाघबिळाशी पन्हाळ्याचा फाटा आला. वर चढायचं म्हणजे वळणं, गिअर बदलणं, वर गेल्यावर थांबणं. थांबलं की आवाज थांबणार आणि तो जागा होणार. त्याच्या मांडीवर फोन थरथरायला लागला. मी तो अलगद उचलला आणि माझ्या दाराच्या कप्प्यात उलटा ठेवला. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर होतं. फाटा मागं टाकून मी रत्नागिरी रस्त्याला सरळ निघाले. पुढं बांबवडे, मग मलकापूर, मग आंबा.